यंत्रांची नोंद : शेतातील मापके, झडपा आणि मोटारी एकमेकांना शोधतात कशा?



आपला कारखाना घाटावर आणि हा लेख मी लिहीत आहे वेळणेश्वराहून, म्हणजे गुहागर तालुक्यातून, समुद्राच्या काठावरून. इथे उसाचे कांडे औषधालाही मिळायचे नाही. माड, पोफळी, थोडा आंबा आणि खाली जांभा. पाणी घातले की घटकाभरात खाली उतरते. नोकरी संपवून मी गावी आलो, पण घाटावरचे दीड एकर आणि त्यामुळे सभासदत्व, दोन्ही राखून आहे. तेव्हा सुरुवात जरी वाडीतल्या अनुभवाने केली तरी विषय उसाचाच आहे, हे पुढे ध्यानात येईल.

अलीकडे ठिबकाच्या झडपा फोनवरून उघडणारी, जमिनीतली ओल मोजून सांगणारी यंत्रे आपल्याकडे बांधोबांधी दिसू लागली आहेत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उसावर जो प्रयोग २०२४ साली शेतकऱ्यांपुढे ठेवला, त्यात पहिल्या टप्प्यात सुमारे एक हजार शेतकरी घेतले होते. हवामान यंत्र, जमिनीतली मापके आणि उपग्रहाची चित्रे यांवरून पाणी-खताचा सल्ला फोनवर द्यायचा, असा तो प्रयोग. अशा जोडलेल्या यंत्रांच्या पसाऱ्याला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' म्हणतात. आपण 'वस्तूंचे जाळे' म्हणू.

विकणारा आला की मापक किती अचूक आहे ते सांगतो, बॅटरी किती वर्षे जाईल ते सांगतो, हप्ते किती ते तर आधी सांगतो. एक गोष्ट तो सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. शेतात आज चार यंत्रे आहेत, उद्या गटात मिळून दोनशे झाली, तर कोणते यंत्र कुठे आहे आणि त्याच्याकडून काय मिळू शकते, हे बाकीच्यांना कळायचे कसे? या लेखाचा विषय तेवढाच.

माझ्या वाडीत काय झाले ते आधी सांगतो.

वाडीला दोन तुकडे आहेत. वरच्या तुकड्यात दोन वर्षांची पोफळीची चाळीस रोपे, खालच्यात माड आणि केळी. दोन्हींना ठिबक, दोन झडपा, प्रत्येक झडपेला एक छोटा पेटीवजा नियंत्रक. तो घरातल्या वाय-फायवर चालणारा. वरच्या तुकड्यात ओलीचे मापक. ओल कमी झाली की फोनमधल्या व्यवस्थेने वरची झडप आपोआप उघडायची. तीन महिने उत्तम चालले. एप्रिलात मी आठ दिवस लग्नासाठी घाटावर गेलो. इकडे वीज गेली आणि दोन तासांनी आली. परत येऊन बघतो तो वरची रोपे करपून गेलेली आणि खालच्या केळीत गुडघाभर चिखल. फोन मात्र सांगत होता की वरच्या तुकड्याला रोज पाणी दिले, आदल्या दिवशी तर तब्बल पाच तास दिले!

नातू संगणकाचे काम करतो, तो सुट्टीवर आला होता. त्याने अर्ध्या तासात उलगडा केला. म्हणाला, "आजोबा, तुमच्या फोनला झडप ठाऊकच नाही. त्याला फक्त घरनंबर ठाऊक आहे. घरात राहायला कोण आलं, ते त्याने विचारलंच नाही."

गोष्ट अशी होती. घरातला राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो. बसवणाऱ्याने फोनमध्ये लिहून ठेवले होते की १०४ म्हणजे वरची झडप, १०५ म्हणजे खालची. वीज आल्यावर दोन्ही नियंत्रक एकदम जागे झाले, खालच्याने पत्ता आधी मागितला आणि १०४ त्याला मिळाला. आता वर ओल कमी, म्हणून व्यवस्था १०४ उघडते. पाणी जाते खाली. वर ओल आणखी कमी. म्हणून १०४ आणखी वेळ उघडते. यंत्र बिघडले नव्हते, मापक बरोबर होते, झडप बरोबर होती. चूक एवढीच की पत्ता आणि नाव एकच समजले गेले.

दवंडी आणि नोंदवही

हे आपल्या भाषेत घालून बघू. समजा कारखान्याकडे ऊस नोंद ही पद्धतच नाही. तोडणीचा प्रोग्रॅम लावायचा आहे. मग शेतकी खात्याचा माणूस गावोगावच्या चावडीवर उभा राहून ओरडणार, "अहो, कोणाचा आडसाली ८६०३२ तयार आहे?" ज्याचा आहे तो बोलेल, ज्याचा नाही तोही बोलेल, चार जण एकदम बोलतील, जो मळ्यात झोपला आहे तो बोलणारच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच दवंडी.

वस्तूंच्या जाळ्यात पहिली पद्धत नेमकी ही, दवंडीची. यंत्रांनी आपापसांत बोलण्यासाठी 'कोॲप' नावाची एक हलकी बोली आहे. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने ती जून २०१४ मध्ये आरएफसी ७२५२ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. छोट्या, कमी ताकदीच्या यंत्रांसाठी ती मुद्दाम आखली. तिच्यात २२४.०.१.१८७ हा पत्ता खास दवंडीसाठी राखून ठेवलेला आहे आणि दरवाजा क्रमांक ५६८३. या पत्त्यावर हाक दिली की कोॲप बोलणाऱ्या सर्व यंत्रांनी ती ऐकायची.

हाक कशाची द्यायची, तेही ठरलेले आहे. त्याचा नियम आधीच, ऑगस्ट २०१२ मध्ये, झॅक शेल्बी यांनी लिहिलेल्या आरएफसी ६६९० मध्ये आला. प्रत्येक यंत्राने 'वेल-नोन' या ठरावीक जागी 'कोअर' नावाची एक यादी ठेवायची. माझ्याकडे काय काय आहे, ते कोणत्या प्रकारचे आहे, त्याच्याशी व्यवहार कसा करायचा, हे त्या यादीत. उदाहरणार्थ एखाद्या मापकाची यादी अशी वाचता येईल: 'ओल – प्रकार जमिनीची ओल – फक्त वाचता येते', 'बॅटरी – प्रकार विद्युतदाब – फक्त वाचता येते'. झडपेच्या यादीत 'उघड-मीट – वाचता येते, बदलता येते' असे. म्हणजे यंत्राला हात न लावता, माहितीपुस्तक न उघडता, त्यालाच विचारून कळते की तुझ्याकडे काय आहे. या प्रत्येक बाबीला 'रिसोर्स' म्हणतात. आपण 'साधन' म्हणू. एका यंत्रात अनेक साधने असू शकतात, जसे एका गटात दोन जातींचा ऊस.

चार यंत्रांना ही दवंडी उत्तम. दोनशेंना काय होते त्याचा हिशेब करू, कारण खरा विषय तिथे आहे.

दवंडी ऐकून दोनशे यंत्रांनी त्याच क्षणी उत्तर दिले, तर रेडिओच्या लहरी एकमेकांवर आदळतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही. म्हणून कोॲपचा नियम असा की, लगेच बोलू नका. काही सेकंदांच्या मुदतीत आपापला क्षण चिठ्ठी उचलल्यासारखा निवडा आणि तेव्हा बोला. ही मुदत सहज म्हणून ५ सेकंद धरली आहे. ती किती असावी याचा ढोबळ नियमही दिला आहे: एका उत्तराची लांबी गुणिले उत्तर देणाऱ्यांची संख्या, भागिले रेडिओला पेलणारा वेग. उत्तर १०० बाइटचे, यंत्रे १००, वेग सेकंदाला १००० बाइट धरला, तर १० सेकंद लागतात. यंत्रे २०० झाली की २० सेकंद. आता व्यवस्थेने दर मिनिटाला 'कोण कोण आहे' असे विचारले, तर मिनिटातली वीस सेकंदे नुसती हजेरी घेण्यातच गेली! ज्या रेडिओवरून ओल कळवायची, मोटार बंद करायची, त्याचा तिसरा हिस्सा हजेरीने खाल्ला.

इथे एक लहानशी गोष्ट सांगून ठेवतो. शेतातल्या छोट्या रेडिओंची जी एक प्रचलित जात आहे, तिच्यात एका खेपेस १२७ बाइटपेक्षा जास्त माल जात नाही आणि त्यातही बराचसा भाग पत्ते लिहिण्यात जातो. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या देवनागरीच्या एका अक्षराला तीन लागतात. म्हणून यंत्रांची नावे 'वरच्या मळ्यातली थोरली झडप' अशी हौसेने ठेवू नयेत. गट नंबर आणि झडप नंबर पुरे. माणसाने वाचायचे नाव फोनमध्ये ठेवावे.

दवंडी सुधारता येते. पहिला उपाय, प्रश्न नेमका विचारणे. 'कोण कोण आहे' असे न विचारता 'जमिनीची ओल मोजणारे कोण' असे विचारावे. यादीतल्या प्रकाराशी जे जुळतात त्यांनीच बोलायचे. ज्यांच्यापाशी काही उपयोगाचे नाही त्यांनी दवंडीला उत्तर न देता गप्प बसायचे. दोनशेंत तीसच मापके असतील, तर वीस सेकंदांचे तीन होतात. दुसरा उपाय घरातल्या छापयंत्रांसाठी वगैरे जी 'एमडीएनएस' पद्धत वापरतात (तिची नियमावली फेब्रुवारी २०१३ ची, आरएफसी ६७६२) तिच्यात आहे. विचारणारा आपल्या प्रश्नाबरोबरच सांगतो की अमुक अमुक मला आधीच ठाऊक आहेत. मग ते गप्प बसतात आणि नवे तेवढे बोलतात. फील्डमन गावात येऊन म्हणतो ना, "ह्या नोंदी झाल्यात, राहिलेल्यांनी या", तसे.

पण दवंडीचा एक दोष कशानेही जात नाही. झोपलेल्याला ती ऐकू येत नाही.

बॅटरीवरचे मापक बहुतेक वेळ झोपलेले असते आणि झोपलेलेच असायला हवे. रेडिओ नुसता कान देऊन बसला तरी सुमारे २० मिलिअँपिअर खातो. दोन चांगल्या सेलांची ताकद २,५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर १२५ तासांत, म्हणजे पाच दिवसांत सेल संपले. तेच मापक दर पंधरा मिनिटांनी दोन सेकंद जागे राहिले, तर सरासरी खर्च ०.०४४ मिलिअँपिअरवर येतो आणि हिशेबाने सहा वर्षे निघतात. प्रत्यक्षात सेल आपोआपही उतरतात, झोपेतही थोडे लागते, म्हणून सहा कोणी देणार नाही. पण पाच दिवस आणि काही वर्षे यांत फरक आहेच. मग जे पंधरा मिनिटांत दोनच सेकंद जागे असते, त्याच्या कानी दवंडी पडणार केव्हा?

म्हणून दुसरी पद्धत, नोंदवहीची. हिला 'रिसोर्स डिरेक्टरी' म्हणतात आणि तिचे नियम एप्रिल २०२२ मध्ये आरएफसी ९१७६ म्हणून पक्के झाले. एक यंत्र, जे कायम विजेवर असते आणि झोपत नाही, ते नोंदवही सांभाळते. बाकीची यंत्रे जागी झाली की स्वतः होऊन तिच्याकडे नोंद करतात. आपले नाव, कोणत्या विभागातले, सध्याचा पत्ता, साधनांची यादी आणि नोंद किती वेळ खरी धरावी ती मुदत. ज्याला काही हवे असेल त्याने फक्त नोंदवहीला विचारावे, "कोपऱ्यावरच्या गटात ओल मोजणारे कोणते?" तिथून तीन नावे येतील, बाकीचे १९७ झोपू देत.

आपल्या ऊस नोंदीशी हे इतके जुळते की मला हसू आले. नाव तेच राहिले आणि पत्ता बदलला, तर त्याच नावाने पुन्हा नोंद केली की जुनी नोंद आपोआप पुसली जाते. माझ्या दोन झडपांना ही सोय असती, तर वीज आल्यावर खालचीने सांगितले असते, "मी खालची, आता १०४ वर राहते." आणि चाळीस पोफळी वाचल्या असत्या.

मुदतीचा प्रश्न

यात सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट मुदत ही आहे. आपल्याकडे लागणीची नोंद खोडव्याला चालत नाही, खोडव्याची नव्याने करावी लागते. का? कारण मधल्या काळात शेतात काय झाले ते नोंदवहीला ठाऊक नसते. कोणी ऊस मोडून हरभरा केला, कोणी गुऱ्हाळाला घातला. यंत्रांचेही तेच. मापक ट्रॅक्टरखाली गेले, उंदराने वायर खाल्ली, सेल संपले. ते बिचारे 'मी मेलो' असे कळवायला येत नाही. मुदत संपली आणि नवी नोंद आली नाही, म्हणजे गेले असे समजायचे आणि नाव काढून टाकायचे.

मुदत दिली नाही तर ती ९०,००० सेकंद धरावी असा नियम आहे, म्हणजे २५ तास. चोवीस का नाहीत? माझ्या समजुतीने, रोज एकदा ठरल्या वेळी नोंद करणाऱ्याला तासाभराची सवड मिळावी म्हणून. मुदत फार कमी ठेवली तर मापक नोंद करण्यासाठीच जागत राहते आणि सेल उतरतात. फार लांब ठेवली तर मेलेली यंत्रे वहीत जिवंत राहतात. माझे मत असे की, बॅटरीवरच्या मापकाला एक दिवस ठीक आहे, पण विजेवरच्या झडपेला आणि मोटारीला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त मुदत देऊ नये. ओल एक दिवस उशिरा कळली तर ऊस मरत नाही. मोटार चालू आहे की बंद हे मात्र रात्री दोन वाजतासुद्धा खरे कळले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, नोंदवही बंद पडली तर? प्रश्न बरोबर आहे. दवंडीत कोणी एक बंद पडला तरी बाकीचे बोलतात. वहीत सगळा भार एकावर येतो. म्हणून शहाणी व्यवस्था दोन्ही ठेवते. नोंदवही कुठे आहे हे शोधायला एकदाच दवंडी द्यायची, पुढचा कारभार वहीवर. आणि मिळालेली शेवटची यादी फोननेही जपून ठेवायची. मात्र ती जुनी आहे हे पडद्यावर स्पष्ट दाखवून. माझ्या फोनने पाच तास पाणी दिल्याचे छातीठोक सांगितले, ते तसे व्हायला नको. आणखी एक. नोंदवहीत ऊस नसतो, फक्त उसाचा पत्ता असतो. ओलीचा आकडा वहीत मिळणार नाही, तो मापकाकडूनच यायला हवा आणि मापक झोपलेले असेल तर त्याने जागे झाल्यावर तो कोणाजवळ तरी ठेवून गेले पाहिजे. विकणारे या दोन गोष्टी एकच करून सांगतात, म्हणून सावध केले.

नावांचा घोळ आणि बोगस नोंद

प्रकाराचे नाव सर्वांनी एकच वापरले तर शोध लागतो. को ८६०३२ ला कोणी 'शहाऐंशी-बत्तीस' म्हणतो, कोणी 'नीरा' म्हणतो. कोएम ०२६५ ला कोणी 'फुले २६५' तर कोणी नुसते 'दोनशे पासष्ट'. शेतकी खात्याच्या बाबूला हे सगळे ठाऊक असते, म्हणून नोंद चुकत नाही. यंत्राला एवढी समज नाही. एका कंपनीने 'जमीन-ओल' लिहिले आणि दुसरीने 'माती-पाणी', तर पहिलीची व्यवस्था दुसरीच्या मापकाला ओळखतच नाही. शेजारी शेजारी पुरलेले असले तरी. यासाठी कंपन्यांनी एकत्र येऊन नावे ठरवण्याचे प्रयत्न झाले. २०१४ साली निघालेला एक संघ २०१६ मध्ये 'ओपन कनेक्टिव्हिटी फाउंडेशन' झाला, त्याच वर्षी दुसरा प्रतिस्पर्धी संघ त्यात मिसळला. घरातल्या दिव्या-पंख्यांसाठी 'मॅटर' नावाची पद्धत ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. शेतीत मात्र अजून ज्याची त्याची बोली वेगळी आहे आणि त्याचा तोटा आपल्याला होतो: एकदा एका कंपनीचे घेतले की पुढची सर्व तिचीच घ्यावी लागतात, कारण दुसऱ्याचे यंत्र त्यांच्या वहीत नोंदच होत नाही.

बोगस नोंदीबद्दल आपल्या सभासदांना मी काय सांगावे! एकच ऊस दोन कारखान्यांकडे नोंदवणारे आपण पाहिले आहेत. जाळ्यातही कोणी खोटे यंत्र आणून 'मीच विहिरीवरची मोटार' अशी नोंद करू शकते. मग बंद करण्याचा हुकूम त्याला जातो आणि खरी मोटार कोरडी फिरत राहते. यावर उपाय, प्रत्येक यंत्राला खात्रीची ओळख देणे आणि ती तपासूनच नोंद घेणे. निदान एवढे तरी हवे की ज्याने एखादे नाव आधी नोंदवले, ते नाव दुसऱ्या कोणाला परस्पर घेता येऊ नये. नियमावलीत याचा विचार केलेला आहे. विकणाऱ्याने तो अंमलात आणला आहे का, ते विचारावे लागते.

तेव्हा गटामार्फत अशी यंत्रे घ्यायचा विषय निघाला, तर प्रात्यक्षिकाच्या दिवशी तीन गोष्टी स्वतः करून बघाव्यात; कागद बघू नये. सर्व यंत्रे चालू असताना मेन स्विच पाडा, दहा मिनिटांनी लावा आणि मग फोनवरून वरची झडप उघडा. पाणी वरच आले का, ते पायी जाऊन बघा. मग एका मापकाचे सेल काढून खिशात घाला आणि फोनवर ते 'गैरहजर' दिसायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. शेवटी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे एक मापक आणून म्हणा, याची नोंद घेऊन दाखवा. तिसऱ्याला बहुतेक नकार येईल, तो लेखी घ्यावा, म्हणजे दर ठरवताना उपयोगी पडतो.

नातवाने माझ्याकडे आता एक जुना छोटा संगणक नोंदवही म्हणून बसवून दिला आहे आणि झडपांना दहा मिनिटांची मुदत लावली आहे. परवा मी मुद्दाम खालच्या नियंत्रकाची पिन काढली आणि ओटीवर घड्याळ घेऊन बसलो. आठव्या मिनिटाला फोनवरून तिचे नाव गेले. पिन परत लावली, तेव्हा तिला पत्ता मिळाला १०७, आणि फोनवर नाव आले 'खालची'. पोफळीची रोपे येत्या मृगात पुन्हा लावायची आहेत.